बागेचं अ‍ॅप निवडताना आधी त्याला नागपूरचा उन्हाळा विचारा

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



कुंड्या, माती, खत, बियाणं यांची खरेदी आपल्याला नवीन नाही. नर्सरीत गेलं की कोणतं रोप निरोगी आणि कोणतं नुसतं पाणी मारून टवटवीत केलेलं, हे आपल्या नजरेला कळतं. पण आता बागेसाठी एक नवीनच खरेदी आली आहे. मोबाइलमधलं बागेचं अ‍ॅप. कोणी वाफ्याचा नकाशा आखून देतं, कोणी पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगतं, कोणी पाणी घालायची आठवण करून देतं. काही फुकट आहेत, काही दोन-चार दिवस फुकट वापरू देऊन मग वर्षाची वर्गणी मागतात. मुलगी, सून किंवा भाचा मोबाइलवर घालून देतो आणि म्हणतो, "आई, आता हे सांगेल तसं कर." तर ते सांगेल तसं करावं का, किती करावं आणि त्यासाठी पैसे मोजावेत का, हे आज पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अमुक अ‍ॅप चांगलं की वाईट, असं विचारून फारसा उपयोग नाही. ते कुठल्या हवेसाठी बनवलं आहे, हे विचारावं लागतं. लंडनच्या अंगणासाठी उत्तम असलेलं अ‍ॅप मनीषनगरच्या गच्चीवर तुमची रोपं वाळवू शकतं. त्यात लबाडी कोणाची नसते. त्याला आपलं गाव माहीत नसतं, एवढंच.

चार वेगळी कामं

आधी ही साधनं वेगवेगळी ओळखू या, कारण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की घोळ होतो.

पहिला प्रकार आखणीचा. तुम्ही जागेची लांबी-रुंदी घालता आणि पडद्यावर वाफे मांडता. कोणतं रोप किती जागा घेईल आणि केव्हा पेरायचं, हे ते सांगतं. इंग्लंड-अमेरिकेत लोकप्रिय असलेलं ग्रोव्हेजचं गार्डन प्लॅनर या प्रकारातलं.

दुसरा प्रकार वनस्पतींच्या माहितीसाठ्याचा. हा म्हणजे झाडांचा कोश. लंडनच्या क्यू उद्यानानं २०१७ मध्ये सुरू केलेला 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' हा जगभरच्या वनस्पतींचा कोश आहे. आपल्याकडे 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' २००८ पासून आहे, 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया' आहे. दोन्ही फुकट पाहता येतात.

तिसरा प्रकार फोटोवरून ओळख पटवणारा. प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, गुगल लेन्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. पानावरचा रोग ओळखणारं प्लांटिक्सही यातच येतं, आणि ते मराठीत आहे.

चौथा प्रकार रोजनिशीचा. कधी पेरलं, कधी खत घातलं, कधी पाणी द्यायचं, याची नोंद आणि आठवण.

यातला कोश बहुधा पुष्कळ काळजीनं, अभ्यासकांनी तयार केलेला असतो. पण तो झाडाचं नाव, कूळ, मूळ देश सांगतो. तुमच्या अंगणात ते केव्हा लावायचं हे सांगत नाही. ते सांगण्याचं धाडस आखणीची अ‍ॅप करतात, आणि आपली फसगत बहुतेक वेळा तिथेच होते.

ते थंडीबद्दल विचारतं, आपला प्रश्न उन्हाचा

आखणीचं परदेशी अ‍ॅप उघडलं की पहिला प्रश्न येतो: तुमच्याकडे शेवटचं दहिवर कधी गोठतं? म्हणजे हिवाळा संपताना पाणी गोठवणारी शेवटची रात्र कोणती. युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच भागांत सगळी बाग या एका तारखेवर चालते. त्या तारखेनंतर टोमॅटो बाहेर लावायचे, त्याआधी घरात रोपं करायची. नागपुरात अशी तारीखच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर आला होता. ती विक्रमी थंडी होती, तरीही तो शून्याच्या वरच होता.

दुसरा प्रश्न असतो पट्ट्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं झाडांसाठी १३ पट्टे पाडले आहेत. वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरी किती खाली जातो, यावरून ते ठरतात. या हिशेबानं नागपूर ११ व्या पट्ट्याच्या आसपास बसतं. फ्लोरिडाच्या अगदी दक्षिण टोकाचा समुद्रकाठही जवळपास त्याच पट्ट्यात येतो. आता गंमत पाहा. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला पोचत नाही, आणि आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. अ‍ॅपच्या दृष्टीनं मात्र दोन्ही गावं सारखीच, कारण त्यानं मोजली ती फक्त थंडी.

अमेरिकेतल्याच हॉर्टिकल्चरल सोसायटीनं १९९७ मध्ये उष्णतेचेही १२ पट्टे पाडले. वर्षातले किती दिवस तापमान ३० अंशांच्या वर जातं, ते त्यात मोजतात. असे दिवस २१० च्या वर गेले की शेवटचा, १२ वा पट्टा. आपले मार्च ते जून हे चार महिनेच १२२ दिवसांचे होतात, आणि ऑक्टोबरची उकाडाही तुम्हाला माहीत आहेच. म्हणून एखाद्या कोशात झाडापुढे थंडीचा आणि उष्णतेचा असे दोन्ही पट्टे दिले असतील, तर तो कोश आपल्या जास्त कामाचा.

'फुल सन' या शब्दाचंही तसंच. परदेशी कोशात त्याचा अर्थ रोज किमान सहा तास ऊन. जानेवारीत नागपूरचं सहा तास ऊन टोमॅटोला मानवतं. नवतप्यात तेच ऊन त्याची फुलं गाळतं. तेव्हा अ‍ॅप 'पूर्ण ऊन' म्हणत असलं, तरी एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी बांधायची ती बांधायचीच.

ऋतू आणि दिवसाची लांबी

तिकडचं वर्ष वसंतात सुरू होतं. आपलं भाजीचं वर्ष मृगात सुरू होतं. जूनमध्ये भेंडी, गवार, दोडके, कारली. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून टोमॅटो, कोबी, मेथी, पालक, सांभार. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी काकडी, भोपळा आणि पुन्हा भेंडी. परदेशी अ‍ॅप पालक-सांभार मार्च-एप्रिलमध्ये पेरायला सांगेल, कारण तिकडे तेव्हा हवा गार असते. आपल्याकडे तेव्हा पेरलेला सांभार वितभर होण्याआधीच फुलावर येतो आणि पानांऐवजी धनेच हाती लागतात. म्हणून अ‍ॅप घेण्यापूर्वी पाहा की पेरणीच्या तारखा आपल्या हातानं बदलता येतात का. येत नसतील, तर ते आपल्या उपयोगाचं नाही.

कांद्याचं उदाहरण तर फार बोलकं आहे. कांदा गाठ धरतो ती दिवसाच्या लांबीवर. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या जातींना त्यासाठी १४ तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. नागपूरचा सर्वांत मोठा दिवस, २१ जूनचा, सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो. म्हणजे तिकडच्या यादीतून एखादं सुंदर नाव निवडून बियाणं मागवलं, कितीही खत घातलं, तरी पात वाढेल पण कांदा पोसणार नाही. यात तुमच्या मेहनतीचा दोष नसतो. पुण्याजवळ राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या 'भीमा' नावानं येणाऱ्या जाती आपल्याकडच्या दिवसमानाला धरून तयार केलेल्या आहेत. कोशात कांद्यापुढे 'लहान दिवसाचा' की 'मोठ्या दिवसाचा' हे लिहिलं आहे का, ते बघा.

नावाचा घोळ

आता नावांकडे वळू. आपण म्हणतो सांभार, पुण्याकडे म्हणतात कोथिंबीर. आपण म्हणतो जांब, इतरत्र त्याला पेरू म्हणतात आणि जाम म्हटलं की भलतंच पांढरं-गुलाबी फळ समोर येतं. मराठी नाव टाकून शोधलं की कोश कधी काहीच दाखवत नाही, आणि कधी चुकीचंच दाखवतो. दुसरं जास्त धोक्याचं.

चाफाच घ्या. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा. नावात पाचही चाफे, पण एकाचं कूळ दुसऱ्याशी जुळत नाही. पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, भुईचाफा तर हळदीच्या. सोनचाफा मोठा वृक्ष होतो, हिरवा चाफा वेलीसारखा आधार शोधतो आणि भुईचाफ्याचा पाला हिवाळ्यात वाळून कंद जमिनीत झोपतो. एकाची माहिती वाचून दुसऱ्याला पाणी घातलं तर काय होईल, हे सांगायला नको.

यावर उपाय एकच. प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव एकदा शोधून वहीत मराठी अक्षरांत लिहून ठेवायचं. पाठ करायची गरज नाही. सोनचाफ्यापुढे लिहा 'मॅग्नोलिया चंपाका'. जुन्या पुस्तकांत तोच 'मिशेलिया चंपाका' म्हणून सापडेल, कारण शास्त्रज्ञ अधूनमधून नावं बदलतात. चांगला कोश जुनं नाव टाकलं तरी नव्या नावावर नेऊन सोडतो. कोशाची परीक्षा घ्यायची ही सोपी रीत आहे: जुनं नाव टाका आणि बघा.

आणि एक सांगते. आपल्या जिल्ह्यातल्या वनस्पतींची नोंद मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी झाली आहे. एन. आर. उगेमुगे यांचं 'फ्लोरा ऑफ नागपूर डिस्ट्रिक्ट' हे पुस्तक १९८६ चं आहे. ते इंग्रजीत आहे आणि अभ्यासकांसाठी आहे. पण एखादं झाड आपल्या मातीत आपोआप उगवतं की बाहेरून आणलेलं आहे, हे पाहायचं असेल तर असं पुस्तक कोणत्याही अ‍ॅपइतकंच, किंबहुना जास्त उपयोगी पडतं. कॉलेजच्या ग्रंथालयात कोणी ओळखीचं असेल तर विचारा.

सावली पडद्यावर नाही, अंगणात मोजा

आखणीच्या काही अ‍ॅपमध्ये सावली दाखवण्याची सोय असते. तिच्यावर विसंबण्याआधी आपल्या गावाचा सूर्य कसा फिरतो, ते समजून घेऊ.

२६ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली नाहीशी होते. तिथपासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून एरवी सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीलाही तेव्हा ऊन लागतं आणि तिथली नेचे, मनीप्लांट करपतात.

डिसेंबरात उलट. २१ डिसेंबरला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे आणि आकाशात अर्ध्यावरच असतो. तेव्हा १० फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे जवळपास १० फूटच पडते. आपला भाजीचा मुख्य हंगाम हिवाळ्याचा. मग उन्हाळ्यात जागा पाहून "इथे भरपूर ऊन आहे" म्हणून तुम्ही भिंतीच्या उत्तरेला वाफा केलात, तर हिवाळ्यात पालक-मेथी दिवसभर सावलीत राहील. जागा ठरवण्यापूर्वी भिंतीची उंची मोजा आणि तेवढंच अंतर उत्तरेकडे सोडा. एवढा हिशेब आला की सावलीच्या सोयीसाठी वेगळे पैसे मोजायची गरज उरत नाही.

चौरस फूट आणि गच्चीचं वजन

बरीचशी अ‍ॅप वाफ्याचे एक-एक फुटाचे चौकोन पाडतात. अमेरिकेतल्या मेल बार्थोलोम्यू यांनी १९८१ च्या पुस्तकातून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. एका चौकोनात एक टोमॅटो, नऊ पालक, सोळा मुळे. लहान जागेसाठी कल्पना छान आहे. पण त्यातला मुळा म्हणजे तिकडचा छोटा, गोल, लाल मुळा. आपला हातभर पांढरा मुळा सोळाच्या हिशेबानं लावला तर पाला दाटेल आणि मुळे बोटाएवढेच राहतील. आकडा घेताना जात कोणती ते बघा.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी पुढचं जरा नीट ऐका, कारण हे अ‍ॅप सहसा विचारतच नाही. ओली माती लिटरमागे दीड किलोच्या वर भरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल वाफा म्हणजे सुमारे ३०० लिटर माती. तिचं वजन साडेचारशे किलोच्या घरात जातं. आणि ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडच्या बांधकामाच्या मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणजे तिप्पट झालं. पडद्यावर बोटानं ओढून चार वाफे मांडायला काहीच लागत नाही, पण स्लॅबला ते पेलावे लागतात. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांवर तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय मातीचे वाफे करूच नका. कुंड्या ठेवायच्या तर भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवा, मातीत कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त मिसळा, आणि झिरपण्याची व्यवस्था आधी बघा.

माती आणि पाण्याची आठवण

ज्यांच्याकडे अंगण आहे, त्यांची माती बहुधा काळी. ती पावसात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मातीचं सर्वेक्षण करणारी देशाची संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो, १९७६ पासून आपल्याच नागपुरात आहे. इतकी ही माती अभ्यासाची आहे. अ‍ॅपमध्ये मात्र 'चिकणमाती' असा एकच पर्याय मिळतो. आपली काळी माती बहुधा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते. त्यामुळे आम्ल माती मागणाऱ्या गंधराजाची पानं अंगणात पिवळी पडतात, पण कुंडीत वेगळं मिश्रण करून लावला की तो फुलतो. म्हणून कोशात प्रत्येक झाडापुढे मातीचा हा गुण दिला आहे का, ते पाहा.

पाण्याच्या आठवणीवर तर अजिबात विसंबू नका. आपल्याकडे वर्षाचा सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑगस्टमध्ये मोबाइल वाजला म्हणून काळ्या मातीत पाणी घातलं तर मुळं कुजतात. मेमध्ये तेच अ‍ॅप तीन दिवसांनी आठवण करेल, तोवर छोटी कुंडी खडखडीत वाळलेली असेल. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा, नाही लागली तर पाणी द्या.

हवामानासाठी 'मेघदूत' हे सरकारी अ‍ॅप फुकट आहे आणि मराठीत आहे. त्यात जिल्ह्याप्रमाणे मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा सल्ला येतो. तो शेतकऱ्यांसाठी असला तरी पाऊस कधी, ऊन किती, हे आपल्यालाही कळतं. पण कोणत्याही आकड्याकडे जरा डोळसपणे पाहावं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं तब्बल ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रातल्या बिघाडानं तो आकडा चुकीचा आला होता. यंत्राचा आकडाही तपासून घ्यावा लागतो.

फोटोवरून ओळख: इथे जपून

फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप फार मोहात पाडतात. प्लांटनेट फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी बनवलं, २०१३ पासून ते मोबाइलवर आहे, आणि ते प्रत्येक नावापुढे खात्रीची टक्केवारी दाखवतं. ते नेहमी बघा. ओळख पक्की व्हायची तर नुसत्या पानाचा फोटो पुरत नाही. फूल, फळ किंवा शेंग, पानाची मागची बाजू आणि सबंध झाड, असे चार फोटो द्या.

आणि हे लक्षात ठेवा: अ‍ॅपच्या सांगण्यावरून काहीही खायचं नाही. पावसाळ्यात आपण तरोट्याची भाजी करतो. तरोट्यालाच दुसरीकडे टाकळा म्हणतात. त्याच्याच जवळचा एक भाऊबंद आहे, रानटाकळा. शास्त्रीय नाव सेना ऑक्सिडेंटॅलिस. दोघांची फुलं पिवळी, दोघंही रस्त्याकडेला वाढतात. तरोट्याच्या पानात बहुधा तीन जोड्या पर्णिका असतात, टोकाला गोलसर. रानटाकळ्याच्या चार-पाच जोड्या आणि टोकदार. शेंडाच फोटोत आला तर यंत्राची गफलत होऊ शकते. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या मेंदूवर आणि यकृतावर घाला घालणारा एक जीवघेणा आजार होता. या रानटाकळ्याच्या शेंगा खाण्याशी त्याचा संबंध असल्याचं डॉक्टरांच्या अभ्यासातून २००७ च्या सुमारास पुढे आलं. तेव्हा रानभाजी ओळखायची ती जाणत्या माणसाकडून, हातात घेऊन. अ‍ॅप फार तर नाव सुचवेल.

आपल्या दारातली कण्हेर विषारी आहे, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही विषारी आहे, आणि दिवाणखान्यातली डिफेनबाकिया चावली तर तोंडाची आग होऊन सूज येते. ज्या घरात लहान मूल आहे, तिथे झाडापुढे 'विषारी' अशी स्पष्ट खूण नसलेला कोश वापरू नये. आणि मुलानं काही खाल्लंच, तर फोटो काढत बसू नका. त्या झाडाची फांदी बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

रोग ओळखणाऱ्या अ‍ॅपबद्दलही थोडं. ती मुख्यतः शेतातल्या पिकांसाठी आहेत, म्हणून उपाय म्हणून अनेकदा फवारणीची औषधं सुचवतात. चार वांग्याच्या झाडांवर त्याची गरज नसते. आधी किडलेलं पान तोडा, पानाखाली बघा, पाण्याच्या जोरानं मावा धुऊन टाका.

पैसे, पत्ता आणि नोंदी

वर्गणी भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. फुकटचे दिवस संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात का? मध्येच बंद करता येतं का? आणि आपण लिहिलेल्या नोंदी बाहेर काढता येतात का, म्हणजे छापता किंवा फाइल करून ठेवता येतात का? वर्षभर लिहिलेलं अ‍ॅपबरोबर गेलं, तर मागच्या वर्षी दोडके कधी लावले होते हेही आठवायचं नाही.

पत्त्याचं भान तर बायकांनी जास्तच ठेवावं. आयनॅचरलिस्टवर टाकलेल्या फोटोबरोबर जागाही सगळ्यांना दिसू शकते. घरच्या बागेतला फोटो टाकताना जागा 'धूसर' किंवा 'खासगी' ठेवायची सोय तिथे आहे, ती वापरा. आणि झाड लावलेलं आहे, रानातलं नाही, अशी खूणही करा. बागेचं अ‍ॅप तुमचे फोन नंबर, संपर्कयादी मागत असेल, तर नाही म्हणा. झाडांना त्याचं काय काम?

तीन झाडांची परीक्षा

आता हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? सोपं करते. कोणतंही नवीन साधन हाती आलं की त्याला अशा तीन झाडांबद्दल विचारा, ज्यांची माहिती तुम्हाला आधीपासून आहे.

पहिली तुळस. 'बेसिल' म्हणून शोधलं की इटालियन स्वयंपाकातलं बेसिल येईल. ते आपल्या सब्ज्याचं झाड. आपली तुळस वेगळी, ओसिमम टेन्युइफ्लोरम. हा फरक त्याला कळतो का?

दुसरा सांभार. नागपूर हे गाव घातल्यावर तो ऑक्टोबरात पेरायला सांगतो, की एप्रिलमध्ये?

तिसरा आपला संत्रा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी तोडावं लागतं, मग बहार येतो. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग. परदेशी कोश सांगेल, वर्षभर नियमित पाणी द्या. ताण आणि बहार हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत, त्याच्या सल्ल्यावर अंगणातलं संत्र्याचं झाड सोपवू नका. त्यासाठी अमरावती रोडला आपली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे.

तिन्हींत पास झालं, तर ते साधन ठेवा. दोन चुकली, तर कितीही देखणं असलं तरी काढून टाका. एक चुकलं, तर फक्त नावं पाहण्यापुरतं ठेवा.

आणि सुरुवात करायला एक रुपयाही लागत नाही. चौकटीचा एक कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट धरा, उत्तर दिशा दाखवा, भिंती आणि नळ काढा. ओळख पटवायला प्लांटनेट, नाव पक्कं करायला एक कोश, हवेसाठी मेघदूत. आणि एक साधी वही. तिच्यात पाच रकाने: झाड, जात, पेरलं कधी, पहिली तोडणी कधी, काय बिघडलं. हे बारा महिने लिहा. वर्गणीचं अ‍ॅप घ्यायचंच असेल तर त्यानंतर घ्या. तोवर तुम्हाला नेमकं काय हवं आहे, ते कळलेलं असेल.

धरमपेठेतल्या गच्चीवर मेथी कोणत्या आठवड्यात पेरली की चांगली येते, हे जगातल्या कोणत्याही कोशात लिहिलेलं नाही. ते लिहिणाऱ्या तुम्हीच. भिशीला किंवा हळदीकुंकवाला चार जणींनी आपापल्या वह्या समोर ठेवल्या, तर आपल्या गावाचा माहितीसाठा तिथेच तयार होऊ लागेल. या आठवड्यात निदान कागदावर नकाशा काढा आणि भिंतीची उंची मोजा. पुढच्या वेळी रोपं आणायला जाल तेव्हा तो कागद पर्समध्ये असू द्या.